चौथा गडी

आषाढ अमावास्या

आज पहाटे रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर पोचलो तेव्हा पाणी पार आत गेलं होतं. आमच्या गटाचं क्रॉसकंट्रीचं, म्हणजे रानवाटांनी धावण्याचं, वेळापत्रक तिथीवर चालतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला सकाळी सहाच्या सुमाराला भरती, म्हणजे वाळूवर जायचं कामच नाही, त्या दिवशी घाटी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर जायचं. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी, म्हणून पहाटे ओली, टणक वाळू मिळते. मऊ कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात, या ओल्या पट्ट्यावर पाय नीट उचलला जातो. किनारा समुद्राकडे उतरता असल्यामुळे जाताना एका पायावर जास्त भार येतो, येताना दुसऱ्यावर. म्हणून जितकं जायचं तितकंच मागे यायचं, वाटेत रस्त्याला लागायचं नाही, हा मास्तरांचा दंडक.

पावसाळ्यात पुळण खचलेली असते. समुद्र वाळू ओढून नेतो आणि दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतो. तरीही हे दिवस मला आवडतात, कारण तांडेलभाऊ आमच्यात असतात. मासेमारीबंदी असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, आणि हा माणूस रोज पहाटे आमच्याआधी येऊन उभा राहतो. उभा जन्म डोलत्या फळीवर तोल सांभाळण्यात गेलेला. खालची वाळू सरकली तरी त्यांचा पाय सरकत नाही.

क्रॉसकंट्री मला का आवडते हे घरात अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. रस्त्यावरच्या शर्यतीत माणूस घड्याळाशी धावतो. इथे घड्याळाला किंमत नाही, कारण चिखल, चढ, कातळ, गवत यांनी प्रत्येक वाट वेगळी होते. आणि इथे संघ असतो. जागतिक स्पर्धेत एका संघाचे सहा जण धावतात, पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवतात, ज्यांची बेरीज सर्वांत कमी ते जिंकतात. आसपासच्या गावांचे आणि शहरातले आमचे गट हाच नियम पाळतात, फक्त चौघांत एक तरी बाई हवी अशी आमची जोड आहे. माझा क्रमांक बहुतेक वेळा आमच्यातला चौथा असतो. म्हणजे पुढे कुणी कितीही पळो, माझी जागा लागेपर्यंत आमची बेरीज पुरी होत नाही. ही जबाबदारी मला मनापासून आवडते.

श्रावण, नारळी पौर्णिमेनंतर

तांडेलभाऊ गेले. समुद्राला नारळ दिला, होडी उतरली, आता ते मिरकरवाड्याच्या बंदरात कधी येतील आणि कधी जातील ते वारा ठरवणार. आमच्यातला सर्वांत भक्कम गडी ऐन तयारीच्या वेळेला दर्यावर असतो, हे दरवर्षीचं आहे. वाईट वाटतं, पण त्यांचं पोट तिथे आहे.

सडा मात्र आता बघावा. एरवी काळा पडलेला ओसाड जांभा या दिवसांत फुलतो. साचलेल्या पाण्याच्या कडेने सीतेच्या आसवांचे निळेजांभळे पट्टे, मध्येमध्ये गेंदाचे पांढरे गोंडे, उंचवट्यावर पिवळा कवला. ही सगळी रोपं बोटभर मातीवर जगतात. आम्ही वाट आखताना फुलांचे पट्टे सोडून गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने नेतो. त्यामुळे वाट लांबते आणि वळणं वाढतात, आणि एवढं करायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. शहरातून आलेले काही जण फुलांतून सरळ पळत गेले, तेव्हा भाची त्यांच्या मागे धावली आणि त्यांना थांबवून वाट दाखवून आली. मला तिचा अभिमान वाटला.

कातळशिल्पांबाबतही तेच. मागच्या रविवारी आम्ही कशेळीला गेलो होतो. तिथल्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. कशेळी, उक्षी, जांभरूण, बारसू, देवीहसोळ ही ठिकाणं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. बूट काढून बाजूला उभे राहिलो, मग लांबच्या पायवाटेने धावायला लागलो. ज्यांनी हे कोरलं त्यांना हा सडा आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पाठ असणार.

मोकळ्या कातळावर शेवाळ आहे. पाय पूर्ण टेकवून, लहान पावलं टाकत जावं लागतं. दगडाच्या कपारीजवळ तर डोळे खालीच. हा फुरशांचा, त्या विषारी सापांचा मुलूख आहे, आणि फुरसं दगडाच्या रंगाचंच असतं.

भाद्रपद

गणपती. गौरी. घर मुंबईकरांनी भरलेलं, रात्री भजनं, आरत्या. धावणं नाही.

आश्विन, दसऱ्यानंतरचा रविवार

पहिली शर्यत झाली. वाईट झाली.

भातकापणी ऐन भरात आहे. अर्धा संघ चार दिवस वाकून कापणी करून आलेला, कंबरा धरलेल्या. सकाळचे आठ वाजले नाहीत तोच सड्यावर ऊन चटके द्यायला लागलं. ऑक्टोबरच्या उन्हापेक्षाही त्रास देते ती हवेतली ओल. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. नुसता अंगावरून गळत राहतो, आतली उष्णता तशीच. कोकमाचं आगळ आणि मीठ घातलेलं पाणी जागोजागी ठेवलं होतं, तरी तिसऱ्या फेरीत मास्तर खाली बसले. ते उठेनात. मी थांबले, त्यांना सावलीत नेलं, डोक्यावर पाणी ओतलं, मग त्यांनीच हात हलवून मला पुढे जायला सांगितलं. आमच्या सहांपैकी तिघेच शेवटपर्यंत पोचले. बेरजेला चौघं लागतात, त्यामुळे आमचा संघ निकालात धरलाच नाही.

संध्याकाळी मास्तर बरे झाल्यावर त्यांनीच 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकची हकीकत सांगितली. कडक उन्हात क्रॉसकंट्री ठेवली होती. 38 जण धावले, 15 पोचले. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला, पण बाकीच्यांचे इतके हाल झाले की त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून काढून टाकला. शंभर वर्षं होऊन गेली, अजून परत आलेला नाही. मास्तर म्हणाले, “उन्हाशी भांडायचं नाही.” आयोजकांनाही ते पटलं आहे. पुढच्या शर्यती उजाडता उजाडता सुरू होतील.

एक चांगली गोष्ट झाली. वरच्या बागेत राखणीला नेपाळहून येणारं जोडपं आलं. त्यातला तरुण पूर्वी एकदा आमच्याबरोबर सहज धावला होता. यंदा स्वतःहून विचारायला आला, “ताई, मी येऊ का?” घाटीच्या चढाला त्याला दम लागत नाही. डोंगरात वाढलेला आहे.

कार्तिक

उजव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखतंय. आधी धावून झाल्यावर दुखायचं, मग धावताना, आता जिना उतरतानाही. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, हाडाला चीर नाही असं म्हणाले, पण कातळावर धावणं बंद. पाऊस संपला की सडा वाळतो, मातीचा तो बोटभर थरही उडून जातो आणि उरतो नुसता दगड. तो पावलाखाली जराही दबत नाही. प्रत्येक पावलाचा दणका परत नडगीतच येतो.

हे दिवस फार जड गेले. पहाटे त्याच वेळेला जाग येते. बाहेर भाची आणि मास्तर घाटी चढत असल्याचा आवाज येतो, आणि मी बर्फाची पिशवी पायावर धरून बसलेली. सासूबाईंनी दोन दिवस पाहिलं, मग एक दिवस स्वतःच एरंडाची पानं गरम करून आणली आणि शेजारी बसून राहिल्या. त्यांनी पळण्याबद्दल एक शब्द काढला नाही. मला रडू आलं.

दुसऱ्या शर्यतीला मी धावले नाही, पण गेले. मला वाट आखायला चुन्याची फक्की टाकण्याचं आणि झेंडे लावण्याचं काम दिलं. सगळं गवत वाळून कुसळं झालेली, मोज्यांत घुसून टोचतात, म्हणून आदल्या दिवशी वाटेवरचं गवत कापून घेतलं. मग शर्यत सुरू झाल्यावर वळणावर उभी राहिले. आजवर मी शर्यत आतूनच पाहिली होती. बाहेरून पाहिली तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. पुढचे पाच-सात जण एकमेकांपासून बरेच लांब लांब धावत असतात, त्यांच्या जागा फारशा बदलत नाहीत. खरी अदलाबदल होते ती मधल्या आणि मागच्या घोळक्यात. तिथे दहा पावलांत चार जण असतात. एक चढ जमला तर चार जागा वर, एक चढ चुकला तर चार जागा खाली. आणि विरुद्ध संघाच्या मोजल्या जाणाऱ्या माणसाला गाठलं तर आपला एक गुण कमी होतो आणि त्यांचा एक वाढतो, म्हणजे एका माणसामागे दोन गुणांचा फरक. संघाचा निकाल तिथे लागतो, जिथे बघायला कुणी थांबत नाही. सगळे प्रेक्षक पहिला कोण येतो ते बघायला शेवटच्या दोरीपाशी गेलेले असतात.

मी मात्र त्या वळणावर शेवटचा माणूस जाईपर्यंत उभी होते आणि प्रत्येकाला त्याचा क्रमांक ओरडून सांगत होते. आमचा संघ तिसरा आला.

मार्गशीर्ष

परत धावते आहे. आधी नुसतं चालणं, मग वाळूवर, ओहोटी असेल तेवढंच. पुळण आता पुन्हा भरली आहे, रुंद आणि सपाट. सकाळी दव पडतं, हवा कोरडी झाली आहे, कलमांना मोहोर धरायला लागला आहे. पेज पिऊन निघालं की तासभर पाय थकत नाहीत.

भाची फार सुंदर धावते आहे. मास्तर म्हणतात, हिला जिल्ह्याच्या निवड चाचणीला पाठवा. तिचे वडील विचारात आहेत. मुलगी एकटी बाहेरगावी, आणि पळून काय मिळणार, हे त्यांचे दोन प्रश्न. त्यांना मी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरबद्दल सांगितलं, दुष्काळी भागातली मुलगी 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, दहावी आली. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळेही सैन्यात गेल्यावर आधी क्रॉसकंट्रीच धावत होता, मग स्टीपलचेसकडे वळला आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेऊन आला. भाओजी ऐकून घेतात. नाही म्हणाले नाहीत, हे माझ्या दृष्टीने पुष्कळ आहे.

भाचीने मला विचारलं, “मावशी, बायकांना कमी पळायला का लावायचे?” जागतिक स्पर्धा 1973 पासून या नावाने होते, पण बायकांना आणि पुरुषांना सारखेच 10 किलोमीटर मिळाले ते थेट 2017 मध्ये, कंपालाला. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. आमच्या शर्यतीत सगळे एकच वाट धावतात, एवढं सांगितलं.

पौष, शेवटच्या शर्यतीची रात्र

झोप येत नाही, म्हणून लिहितेय.

दोन दिवस वारा होता, होड्या बंदरात थांबल्या. काल रात्री उशिरा तांडेलभाऊंचा फोन आला, “वहिनी, माझा नंबर राखून ठेवा.” पहाटे ते मिरकरवाड्याहून थेट आले, अंगाला अजून डिझेलचा वास.

वाट अवघड होती. सड्यावरून निघून घाटीने खाली, सुक्या कुणग्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, बांधांवरून, साकवावरून पऱ्ह्या, म्हणजे ओढा, ओलांडून पाणंदीने परत वर, अशा फेऱ्या. कॉलेजचा संघ पहिल्यापासून पुढे गेला, त्यांना कुणी गाठणार नव्हतं. नेपाळी पोरगा त्यांच्यातच मिसळून धावत होता. मागे भाची, मग तांडेलभाऊ. मी नडगी सांभाळत पहिली फेरी मागून काढली. उतारावर सोडून दिलं नाही, चढावर थांबले नाही.

शेवटच्या चढाला माझ्यापुढे शहरातल्या गटाचा एक निळा सदरा होता. तो त्यांचा चौथा होता हे मला ठाऊक होतं, कारण मी प्रत्येक वळणावर त्यांची माणसं मोजत आले होते. तांडेलभाऊ आधीच पोचून उलटे खाली धावत आले होते आणि गडग्यावर चढून ओरडत होते, “वहिनी, तो निळा! तो निळा सोडू नका!” पाणंदीत दोन माणसं शेजारी मावत नाहीत. ती संपते तिथे चिऱ्यांच्या पायऱ्या रुंद होतात, तिथे मी बाजू काढली. त्यानेही जोर केला. आम्ही वर सड्यावर बरोबरच आलो आणि दोरीपर्यंत खांद्याला खांदा होता. मी एक पाऊल पुढे पोचले. त्याने मला हात दिला, कारण मला उभं राहवत नव्हतं.

बेरीज झाली तेव्हा शहरवाल्यांचे आणि आमचे गुण सारखेच निघाले. बरोबरी झाली तर ज्यांचा चौथा गडी पुढे, त्यांची जागा वर, हा नियम. आम्ही दुसरे. मास्तरांनी निकालाचा कागद वाचला, परत वाचला आणि माझ्याकडे दिला. भाची माझ्या गळ्यात पडून उड्या मारत होती. तिचे वडील शर्यत बघायला आले होते, हे मला तेव्हा कळलं. तिच्या चाचणीचा अर्ज त्यांनी खिशातून काढून मास्तरांना दिला. सही केलेली होती.

नडगी ठणकते आहे, आता महिनाभर पुळणीवर चालणंच बरं. तांडेलभाऊ संध्याकाळीच परत गेले, वारा उतरला. जाताना मास्तरांनी विचारलं, पुढच्या आषाढात एक गडी कमी पडेल, भाची कॉलेजच्या संघात जाईल, मग कोण? मी धाकट्या जावेचं नाव सुचवलं आहे. ती गवताचे भारे डोक्यावर घेऊन रोज ही घाटी चढते, आणि मध्ये कुठे टेकत नाही. तिला अजून विचारलेलं नाही. उद्या सकाळी विचारते.