लोखंड कमी कुठे आहे?

कराडजवळच्या एका गावात घर बांधणारे निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या हातात हिशेबाची वही होती. स्लॅब दोन दिवसांवर आला होता आणि लोखंडाचा आकडा काही केल्या त्यांना पटत नव्हता. ९३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १००० चौरस फुटांच्या स्लॅबला, तुळया आणि कॉलम सोडून, साडेसोळाशे किलो सळई लागली होती. त्यांच्या मेहुण्याचे घर एवढेच, पण तिथे निम्म्याहून कमी लागली होती. मेहुण्याचा दाखला देऊन डिझाइन तपासता येत नाही, असे मी हसत म्हणालो खरा, परंतु आकडा मलाही खटकला.

नकाशात स्लॅबची जाडी १७५ मिलिमीटर होती आणि १२ एमएमची सळई दोन्ही दिशांना १०० मिलिमीटर अंतरावर दाखवली होती. सर्वांत मोठी खोली होती ३.६ बाय ४.५ मीटर. आयएस ८७५ या इमारतींवरील भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीचा २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर भार, फरशीचा १ आणि स्लॅबचे स्वतःचे वजन धरून मी आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाच्या पद्धतीने गणित मांडले. चारही कडा नुसत्या टेकलेल्या आहेत असे, म्हणजे सर्वांत प्रतिकूल गृहीत धरूनही, १२५ मिलिमीटर जाडीत ८ एमएमची सळई १५० वर पुरत होती. प्रत्यक्षात बांधलेले लोखंड याच्या तिपटीहून जास्त भरत होते. जाडीमुळे सुमारे साडेचार घनमीटर काँक्रीट जास्त लागणार होते आणि तुळयांवर जवळपास १२ टन वजन विनाकारण चढणार होते. व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले की सळईचे मीटरमागचे किलोतले वजन मिळते, हे सूत्र मी गुरुजींना सांगितले, तेव्हा त्यांनी तिथेच वहीत सगळा हिशेब पुन्हा करून पाहिला.

उलगडा नकाशाच्या कोपऱ्यातच होता. तक्त्यात पाच प्रकारचे स्लॅब लिहिले होते आणि या घरात तीनच होते. आधारांमध्ये ६ मीटर अंतर असलेल्या कोणत्यातरी बंगल्याचे रेखाचित्र घेऊन त्यावर केवळ गुरुजींचे नाव टाकले गेले होते. ठेकेदाराने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्याने हाती आलेला कागद तंतोतंत पाळला होता. मात्र सळई बांधणाऱ्या फिटरची मजुरी किलोवर ठरलेली असल्यामुळे, एवढी सळई कशाला, हा प्रश्न विचारण्यात साइटवर कोणाचाच फायदा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेंट्रिंगवर चढलो ते काटकसर कुठे करता येईल हे पाहण्यासाठी, आणि बाल्कनीपाशी थबकलो. बाल्कनी १.२ मीटर बाहेर आलेली होती. अशा एका बाजूने अधांतरी स्लॅबला ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वर हवी आणि ती बाहेर जेवढी जाते, त्याच्या दीडपट तरी आत न्यावी लागते. इथे हॉलची जाळीच तशीच पुढे ओढली होती. ती तळाला कव्हर ब्लॉकवर, म्हणजे सळई फळीपासून जराशी उचलून धरणाऱ्या ठोकळ्यांवर, निजलेली होती. वर एकही सळई नव्हती, वरची सळई उचलून धरणारी एकही चेअर नव्हती. मूळ बंगल्याला बाल्कनीच नसावी. ठेकेदार म्हणाला, "साहेब, लोखंड कमी कुठे आहे? उलट जास्तच आहे!" मी त्याला गुडघ्यावर बसवले आणि सळईच्या वर किती काँक्रीट राहणार हे टेपने मोजायला लावले. मोजून झाल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

स्लॅब चार दिवस पुढे ढकलला. जाडी मात्र कमी करता आली नाही, कारण तुळयांच्या रिंगा, म्हणजे उभ्या चौकटी, त्याच उंचीला बांधून झाल्या होत्या आणि जाडी घटवायची तर सगळे लोखंड उचलून सेंट्रिंगच्या प्लेटा दोन इंच वर घ्याव्या लागल्या असत्या. तुळया आणि कॉलम जास्तीच्या वजनासाठी तपासले, ते पुरेसे निघाले. काँक्रीटचे पैसे तेवढे गेले. जाळीतली एक सोडून एक सळई काढली, तरीही उरलेली गरजेपेक्षा जास्तच होती. निघालेल्या आठशेएक किलोंपैकी काही बाल्कनीच्या वरच्या अंगाला आणि काही तुळयांवरच्या टॉपसाठी, म्हणजे स्लॅबच्या वरच्या अंगाच्या सळईसाठी, गेली, बाकी पाचएकशे किलो जिन्यासाठी आणि कुंपणाच्या भिंतीसाठी बाजूला रचून ठेवली. किलोमागे ६५ रुपये धरून गुरुजींनी ३२,५०० चा आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

ओतकामाच्या दिवशी बाल्कनीवर फळ्या टाकून घेतल्या, कारण घमेली घेऊन जाणाऱ्यांच्या पायाखाली वरची सळई दबली, तर पुन्हा पहिलाच प्रकार झाला असता. तिथले टेकूही मी २८ दिवस हलवू दिले नाहीत. भाड्याचे दिवस वाढतात म्हणून गुरुजी कुरकुरले, आणि ते भाडे त्यांनी ३२,५०० मधून वजा करून दाखवले.