मेळावा आणि साक्षींची रात्र

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तीन दिवसांचा मेळावा भरतो. नगर जिल्ह्याला ही वहिवाट जुनीच. अमेरिकन मराठी मिशन ही अमेरिकेतल्या मिशनऱ्यांची संस्था 1831 मध्ये नगरला आली आणि पुढे खेडोपाडीच्या मंडळ्या वर्षातून एकदा तिथे जमू लागल्या. आमचे आजोबा भाकरी बांधून बैलगाडीनं जायचे म्हणे. आता आम्ही गावातच मंडप घालतो.

उद्घाटन, पाहुण्यांचा सत्कार, अहवालवाचन यांवर काय लिहायचं! अहवाल मीच वाचतो आणि तो कुणी ऐकत नाही, हे मला वरून दिसतं.

खरी सुरुवात होते पहिल्या रात्रीच्या कीर्तनानं. ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की बाहेरच्यांना अजून नवल वाटतं. पण नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ते कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्याही आधी उभं केलं होतं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांनी पुढे त्यात जीव ओतला. आमचे कीर्तनकार राहुरीकडचे, निवृत्त गुरुजी. उत्तररंगाला दरवर्षी उधळ्या पुत्राचीच कथा लावतात. बायबलातला लूकचा पंधरावा अध्याय लहान पोरांनासुद्धा पाठ आहे, तरी म्हातारा बाप बांधावरून पोराला ओळखतो आणि धोतर सावरत पळत सुटतो, तिथे गुरुजी झांजा थांबवतात, तेव्हा बायकांचे पदर डोळ्यांना लागतातच. मग थोरल्या भावाचं रुसणं आलं की पुढच्या रांगेतले मंडळीचे पंच खाली बघू लागतात. (मीही पंच आहे.)

पण मी वर्षभर वाट बघतो ती शनिवारी जेवणानंतरच्या साक्षींची. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. कोण बोलणार हे ठरलेलं नसतं. ज्याला वाटेल तो उठतो. पुण्या-मुंबईचे मोठाले वक्ते आम्ही आणले, त्यांचं एक वाक्य आज आठवत नाही. आठवतात त्या ऊसतोडीला जाणाऱ्या मावशी. माईक हातात कसा धरायचा तेही त्यांना कळेना. म्हणाल्या, "मालक गेले आन माझी प्रार्थनाच बंद पडली. तोंड उघडलं की रडू यायचं. मंग या दोघी शेजारणी रोज दिवेलागणीला यायच्या. त्या प्रार्थना करायच्या, मी आमेन म्हणायची. दुसरं काय नाय, नुसतं आमेन. पार पुढचा पट्टा पडेपर्यंत, तोडीचा हंगाम संपेपर्यंत. मंग एक दिवस त्या आल्या नाहीत, आन माझं मीच बोलाया लागले." एवढं बोलून त्या खाली बसल्या. त्या दोघी शेजारणी भांडी घासायला मागे गेलेल्या, त्यांना हे ऐकायलाही मिळालं नाही.

बायबलात मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण पक्षाघाती माणसाला बाजेसकट छपरातून खाली सोडतात आणि येशू त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहतो. पाळकसाहेबांनी (आमच्या धर्मगुरूंनी) त्या रात्री वेगळा संदेश दिला नाही, हाच भाग वाचला आणि प्रार्थना केली. बरं केलं.

आता थोडं कडू. नोकरीनिमित्त बाहेर गेलेली आपलीच मंडळी रविवारी बरोबर प्रीतिभोजनाच्या पंगतीला गाडीतून उतरतात आणि "कीर्तन कसं झालं?" म्हणून मलाच विचारतात. साक्षींच्या रात्री मंडप अर्धाही भरत नाही. त्यांना यायला कुणी बंदी केलेली नाही, एवढंच म्हणतो.

राबणाऱ्यांची नावं घ्यायला गेलो की एखादं सुटतं आणि वर्षभर सलाम मिळत नाही, म्हणून कामावरून ओळखावं: पेटी आणि ढोलकीवाले, तिन्ही दिवस पहाटे चुली पेटवणाऱ्या महिला मंडळाच्या ताई, भाकऱ्या थापून पाठवणारी वरची आळी, लाइट गेल्यावर स्वतःची मोटार काढून जनरेटर आणणारे भाऊ, संडेस्कूलच्या पोरांना नाटुकलं बसवून देणाऱ्या बाई, टँकरवाले, मंडपवाले, आणि आपल्या मंडळीचे नसूनही पार्किंगला शेत मोकळं करून देणारे शेजारी पाटील. मुतारीची सफाई करणारी तरुण संघाची दोन पोरं, तुम्हालाही विसरलो नाही.

सतरंज्या मात्र अजून पाच परत यायच्या आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी येत्या रविवारी उपासनेला येताना घेऊन याव्यात.