तीन मोठे की बारा?

कापूस वेचणीच्या दिवसांत आमचा वर्ग रात्री आठनंतरच भरतो. पारोळा तालुक्यातलं गाव, शाळेची खोली, समोर बचत गटाच्या वीसेक बाया. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली, निम्म्या पेंगुळलेल्या. मी बँकेच्या कर्जाचा तक्ता लावला आणि ‘वर्षाला 12 टक्के’ म्हणाले.

मागून एक अक्का बोलल्या, “ताई, बँक बारा लेस. आमना सावकार तीनच लेस. मंग महाग कोन शे?”

दोघी-चौघी हसल्या, पण अक्कांच्या बाजूनं. मला आधी कळलंच नाही. इथं व्याज शेकड्यानं बोलतात, तेही महिन्याचं. शेकडा तीन म्हणजे शंभराला महिन्याकाठी तीन रुपये. माझा तक्ता वर्षाचा, त्यांचा हिशोब महिन्याचा. आजवर किती गावांत हाच तक्ता दाखवून मी टाळ्या घेऊन परतले असेन, देव जाणे.

तक्ता गुंडाळला. कुणीतरी मक्याची कणसं आणली. एक दाणा शंभर रुपयांचा. दहा हजारांवर सावकाराचे महिन्याला तीन दाणे. अक्कांनीच बारा ढिगल्या मांडल्या. छत्तीस. बँकेचा महिन्याला एकच, वर्षाचे बारा. हप्त्यांनी मुद्दल उतरलं की तेही घटतात, पण ती गुंतागुंत मी त्या रात्री सोडून दिली. वरचे चोवीस दाणे अक्का मुठीत धरून बसल्या. “चोवीसशे. तीनशे रोजनं आठ दिन वेचनी.”

2014 च्या कायद्यानं सावकाराला परवाना लागतो, हेही सांगितलं. “परवाना?” म्हणत खोलीत हशा पिकला.

मी खूश होते. तेवढ्यात कोपऱ्यातली एक तरुण सून म्हणाली, “आपला गट शेकडा दोन लेस. म्हंजे आपन बी सावकारच शेतस का?”

सगळ्या गप्प. वर्षाचे चोवीस टक्के! गटाचं व्याज गटाच्याच पेटीत पडतं, सावकाराचं त्याच्या घरी जातं, हे उत्तर मला येत होतं. पण माझ्याआधी अक्काच म्हणाल्या, “रजिस्टर काढ.”

सचिवबाईंनी पिशवीतून नोंदवही काढली. दोन वर्षांत व्याजाची बेरीजच कुणी केली नव्हती. मोबाइलच्या उजेडात साडेदहाला आकडा निघाला: 11,640 रुपये. तिघी वाटप मागू लागल्या, दोघी म्हणाल्या दर एकावर आणा. माझी शेवटची गाडी केव्हाच गेली होती. अक्कांच्या ओट्यावर कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. भांडण तिथंही चालूच होतं.