डोंबिवली ते भांडुप, आठ स्टेशनं

2023 साली अधिक श्रावण आला होता, त्यामुळे मंगळागौरी ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू झाल्या. माझ्या जावेच्या मुलीची पहिली मंगळागौर 22 तारखेला होती, निज श्रावणातल्या पहिल्याच मंगळवारी. रात्री जेवणं उरकली, सतरंज्या गुंडाळल्या आणि खेळ सुरू झाले. झिम्मा झाला, पिंगा झाला. मग पुतणी माझा हात धरून म्हणाली, "काकू, बसफुगडीला तुम्हीच हव्यात. आई म्हणते, तुमच्यासारखी कुणाला येत नाही."

खरंच यायची मला. आमच्या वाड्यात मी आणि माझी आतेबहीण बसफुगडीला बसलो की बाकीच्या पोरी थकून जायच्या, आम्ही नाही. उकिडवं बसायचं, समोरचीचे हात घट्ट धरायचे आणि एक पाय पुढे, एक मागे अशा बसल्या बसल्या उड्या मारायच्या. मी पदर खोचला आणि बसले. पाचव्या-सहाव्या उडीला खाली ओल जाणवली. पुढच्या उडीला आणखी. मी हात सोडले आणि म्हणाले, "गुडघा भरून आला गं."

उरलेली रात्र मी भिंतीशी खुर्चीवर बसून काढली. जाऊबाई बाम घेऊन आल्या, कुणी गरम पाण्याची पिशवी आणून दिली. धडधाकट गुडघ्यावर मी ती पिशवी धरून बसले होते. आत लुगडं ओलं होतं आणि समोर कोंबडा, सूप, लाटणी असं एकेक चाललं होतं. मला रडू येत होतं.

हे त्या रात्री सुरू झालं नव्हतं. शेहेचाळिशीपासून जोरात शिंक आली की थेंबभर लघवी निसटायची. मग खोकल्याला, मग हसताना, मग गाडी पकडायला जिना धावत उतरताना. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पाळी थांबली. सलग बारा महिने आली नाही की गेली असं डॉक्टर धरतात, तशी ती गेली. पॅड मात्र मी आणतच राहिले. एकदा लेकीने कपाटात पुडा पाहून विचारलं, "आई, तुझी पाळी गेलीय ना?" मी म्हटलं, "असू दे, कधी लागलं तर." तिनेही पुढे विचारलं नाही.

मी पाणी पिणं तोडलं होतं. सकाळी उठल्यावर अर्धा कप चहा, बस्स. डोंबिवलीहून स्लो लोकलने भांडुपला उतरायचं, ऑफिसात शिरायचं, तिथलं बाथरूम गाठायचं आणि मगच पहिला पाण्याचा घोट घ्यायचा. संध्याकाळी चारनंतर पुन्हा उपास. बाटली पर्समध्ये असायची, पण कुणी विचारलं तर दाखवायला. त्या एका वर्षात दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला. दोन्ही वेळा अँटिबायोटिक्स घेतली. पाणी कमी पिण्याने हे होतं हे मला कळत होतं आणि तरी मी पीत नव्हते. लोकलमध्ये माझ्या शेजारी रोज बसणाऱ्या तिघींपैकी दोघींचं असंच होतं. पण हे मला खूप नंतर कळलं, मी बोलले तेव्हा.

मंगळागौरीनंतर मी घाबरून जवळच्याच एका वर्गात नाव घातलं. गाणी लावून उड्या मारायचा वर्ग. वाटलं, वजन उतरेल, अंग घट्ट होईल, हेही थांबेल. तिसऱ्या दिवशी हात-पाय फाकून मारायच्या उड्यांना पुन्हा तेच झालं. शिकवणाऱ्या बाईंना बाजूला घेऊन मी अगदी हळू सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाणी न पिता येत जा." मी वर्ग सोडला. नंतर एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी मान वर न करता सांगितलं की बाळंतपणं झालेल्या बायकांना या वयात होतंच हे, चालायचंच. या वाक्याचा मला आजही राग आहे. या एका वाक्यापायी किती बायकांनी घराबाहेर पडणं कमी केलं असेल!

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी नीट ऐकून घेतलं. लघवीची तपासणी, सोनोग्राफी केली. खोकताना-शिंकताना गळते की घाई होऊन बाथरूमपर्यंत पोचता येत नाही, हे दोनदा विचारलं. दोन्ही प्रकार वेगळे असतात आणि उपायही वेगळे. अंग बाहेर येतंय असं वाटतं का, लघवीत रक्त दिसतं का, तेही विचारलं. मग म्हणाल्या, "औषध नको, शस्त्रक्रियेचं तर आत्ता नावही नको. आधी फिजिओथेरपी." मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं की याला फिजिओथेरपी असते. ती फक्त गुडघ्याला आणि पाठीला असते असंच मला वाटायचं.

मार्च 2024 मध्ये मी त्या फिजिओकडे गेले. तिशीतली मुलगी. तिने ओढणी घेतली, दोन्ही टोकं दोन हातांत धरली आणि मधल्या भागात आपला मोबाइल ठेवला. "काकू, ही झोळी. हे टोक पुढच्या हाडाला, हे मागे माकडहाडाला. लघवीची पिशवी, गर्भाशय, आतडं, सगळं हिच्यावर टेकलेलं. तुम्ही खोकता तेव्हा वरून दाब येतो. झोळी ताणलेली असेल तर काही होत नाही. सैल असेल तर," आणि तिने हात जवळ आणले. मोबाइल खाली लोंबला. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं तशी तिथली ऊतकं आणखी नाजूक होतात, वर वजन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ. "पण हा स्नायूच आहे. दंडाचा स्नायू कमावता येतो, तसाच हाही."

मग तिने मला ते आवळून दाखवायला सांगितलं. मी जोर लावला. तिने माझ्या पोटावर हात ठेवला होता, ती म्हणाली, "तुम्ही खाली ढकलताय. शौचाला जोर करतो तसा." मी चाट पडले. टीव्हीवर कुठेतरी पाहून महिनाभर मी हा व्यायाम करत होते आणि नेमका उलटा करत होते. बऱ्याच बायकांचं असंच होतं, म्हणून आधी एकदा तपासून घ्यावं, असं ती म्हणाली. काहींचे स्नायू उलट जास्तच आखडलेले असतात, त्यांना आवळण्याऐवजी सैल सोडायला शिकवावं लागतं.

बरोबर पद्धत मला कशी समजली ते सांगते. वारा सरायला नको म्हणून चारचौघांत आपण मागून कसं आवरून धरतो, तसं. मग तीच ओढ पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आणायची आणि आत, वर उचलायची. पोट मऊ, नितंब सैल, मांड्या सैल, श्वास चालू. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही कळता कामा नये. जमेल तेवढे सेकंद धरायचं, दहापर्यंत वाढवत न्यायचं, आणि मग तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार अडवून सराव मात्र करायचा नाही. आर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 साली हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला केगल म्हणतात. मी विचारलं, योगातला मूलबंध तो हाच का? ती म्हणाली, जवळचाच आहे, पण तुम्ही श्वास कोंडू नका.

आठ म्हटल्यावर मी मनात स्टेशनं मोजली. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड, नाहूर, भांडुप. बरोबर आठ.

तेव्हापासून गाडी स्टेशनात थांबली की मी आवळते आणि सुटली की सोडते. जागा मिळाली तर बसून, नाही तर दांडीला धरून उभ्याने. मुंब्र्याला बायका चढतात, रेटारेटी होते, आणि माझं आत चाललेलं असतं. कळव्याला चार झाले, पुढे खाडी दिसली की अर्धं काम झालं. येताना पुन्हा आठ, पुढच्या ठाकुर्ली स्टेशनाकडे वळून पाहायचंही नाही, डोंबिवलीला उतरायचं. तिसरा हप्ता रात्री अंथरुणावर पडून. व्यायामाला वेळ मिळत नाही असं मी वीस वर्षं म्हणत आले होते. हा व्यायाम तिकिटाच्या पैशांत होत होता.

पहिले दोन महिने काहीही फरक पडला नाही. मी फिजिओला म्हटलंही की मला सोडून दे, माझं नाही व्हायचं. तिने सोडलं नाही. वर खुर्चीवरून हात न टेकता उठायच्या दहा बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलायचं सेतुबंध आणि भिंतीला रेटून दंड असं वाढवून दिलं. भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या घरात जातं, ते ओढताना आधी आवळायचं आणि श्वास सोडत हलवायचं, हे शिकवलं. दिवसभराचा चहा दोन कपांवर आणायला लावला. आणि पाणी प्यायला लावलं, दिवसभरात विभागून. पाणी पिण्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटत होती.

जूनमध्ये एके सकाळी आमटीला फोडणी घातली, त्यात लाल मिरची जळली आणि मला जबरदस्त ठसका लागला. पहिला खोकला येण्याआधी खालून आपोआप आवळलं गेलं. मी ओट्याला धरून सात-आठ वेळा खोकले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी कोरडी होते. गॅस बंद करून मी तिथेच उभी राहिले. लेक धावत आली, "आई, काय झालं?" मी तिला सगळं सांगितलं, तिथेच, मिरचीच्या धुरात. तिला तिशीच्या आत दोन बाळंतपणं करायची असतील किंवा एकही नसेल करायचं, पण ही झोळी तिला आत्ताच माहीत असावी असं मला वाटलं.

घरात बोलले म्हणून पुढचं कळलं. एका पावसाळी संध्याकाळी मी हॉलमध्ये चटईवर पडून कंबर उचलत होते. सासूबाई सोफ्यावर वाती वळत होत्या. "हे कशाचं गं?" मी सांगितलं. त्यांच्या हातातला कापूस तसाच राहिला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "माझं चाळीस वर्षं असंच आहे."

त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. कीर्तनाचं त्यांना वेड होतं. तेरा वर्षांपूर्वी त्यांनी एकाएकी जाणं बंद केलं, "खाली बसवत नाही, गुडघे दुखतात" म्हणून. नरसोबाच्या वाडीला सगळे निघालो तेव्हा त्या आल्या नाहीत. भाच्याच्या लग्नाला नाशिकला आल्या नाहीत. यांना कशाचीच हौस नाही असं मी मनात म्हणत होते, कधी कधी माहेरी बोलूनही दाखवत होते. आणि सासूबाई जुन्या लुगड्याच्या घड्या करून वापरत होत्या, रात्री उठून मोरीत धूत होत्या, आणि मला कळू दिलं नव्हतं. माझं स्वतःचं तेच चाललेलं असताना मला त्यांचं ओळखता आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले आणि म्हटलं, "आई, सोमवारी मी रजा घेते. आपण जाऊ."

त्या आधी नाही म्हणाल्या. "आता काय राहिलंय माझं." चार दिवस मी मागे लागले. डॉक्टरबाईंनी सांगितलं की त्यांना दोन्ही प्रकारचा त्रास आहे, घाईचाही. त्यासाठी दर वेळी घाई झाली की थोडं थांबायचं, आवळायचं, मन दुसरीकडे न्यायचं आणि मग सावकाश जायचं. दोन वेळांमधलं अंतर असं पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने वेळा लिहायला सुरुवात केली. रात्री चारदा उठायच्या, सहा महिन्यांत दोनदावर आल्या. पूर्ण बरं झालं नाही, आणि माझंही पूर्ण झालेलं नाही. सर्दीत सलग शिंका आल्या तर अजूनही कधीतरी थेंब येतो. पण पॅडचा पुडा आता महिनोन् महिने पुरतो.

2025 च्या श्रावणाआधी आमच्या भागातल्या मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या एका ग्रुपमध्ये मी गेले. बहुतेकजणी पन्नाशीच्या आसपासच्या. पहिल्याच तालमीला मी सगळ्यांना बसवून ओढणीची झोळी करून दाखवली. सगळ्या गप्प. मग एक म्हणाली, "माझं पण होतं." मग दुसरी. अकराजणींपैकी सहा! आता तालीम सुरू होण्याआधी आम्ही दहा मिनिटं हेच करतो, आणि उड्यांचे खेळ शेवटी घेतो, अंग तापल्यावर. बसफुगडी मी पुन्हा खेळले. बारा उड्यांनंतर थांबले. त्याच्या पुढे दम गेला, बाकी काही नाही.

गेल्या महिन्यात फडके रोडवरच्या गणपतीच्या देवळात कीर्तन होतं. आईंना मी सोडलं. बाथरूम कुठे आहे ते आधी पाहून ठेवलं, कडेची खुर्ची धरून दिली आणि मी बाहेर भाजी घ्यायला गेले. वाटलं होतं, पूर्वरंग झाला की त्या उठतील. दीड तासाने लोक बाहेर पडू लागले तेव्हा त्या इतरांबरोबर आल्या, कपाळाला बुक्का, हातात खडीसाखर. "उत्तररंग ऐकला गं सगळा," म्हणाल्या. मग माझ्या पिशवीतली बाटली त्यांनी स्वतः काढली, घरी पोचायला अजून पाऊण तास होता तरी, आणि तिथेच रस्त्याच्या कडेला उभ्या राहून घटाघटा पाणी प्यायल्या.