दहावं लेणं कुणाचं? एका संदर्भाची गोष्ट

मी ज्या मुक्त ज्ञानकोशात संपादनं करते, तिथे नाशिकच्या पांडवलेण्यांवरच्या लेखात एक वाक्य ठाण मांडून होतं: 'ही सर्व लेणी सातवाहन राजांनी कोरली.' मी ते बदललं. दहावं लेणं क्षत्रप (शक घराण्यातला राजा) नहपानाचा जावई उषवदात यानं भिक्षुसंघाला दिलं, हे तिथल्या ब्राह्मी शिलालेखातच कोरलेलं आहे. संदर्भ दिला १८८३ च्या नाशिक गॅझेटियरचा. संध्याकाळी पाहते तर बदल उलटवलेला. शेरा होता, 'इंग्रजांचं जुनं पुस्तक नको, संकेतस्थळाचा दुवा आधीच दिलाय.'

मी पुन्हा उलटवलं नाही. त्या ओढाताणीत लेखालाच कुलूप लागतं आणि चुकीचं वाक्य आत राहतं. चर्चा पानावर गेले.

तो दुवा उघडला. पर्यटनाचं पान, लेखकाचं नाव नाही, आणि मजकूर आमच्या लेखाशी शब्दन् शब्द जुळणारा. 'विहार'मधली दीर्घ 'वी'सुद्धा तीच! लेखाच्या इतिहासात शोधलं, तर ते वाक्य आमच्याकडे आधी आलेलं. आमचंच वाक्य फिरून आमचा पुरावा झालं होतं. मला सगळ्यात भीती याचीच वाटते, कारण वाचक दोन ठिकाणी तेच वाचतो आणि निःशंक होतो.

गॅझेटियरमधला लेण्यांचा भाग भारतीय पुराविद भगवानलाल इंद्रजींच्या अभ्यासावर उभा आहे, त्यामुळे 'इंग्रजांचं' म्हणून तो बाजूला सारणं मला पटलं नाही. पण जुनेपणाची शंका रास्त होती. म्हणून फ्रेंच अभ्यासक एमिल सेनार्ट यांचं 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडातलं (१९०५-०६) या शिलालेखाचं वाचन खंड-पानासह दिलं. त्यात उषवदाताच्या देणगीचा चोख हिशोब आहे: ३००० कार्षापण (त्या काळची नाणी), पैकी २००० गोवर्धन गावच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दरमहा शेकडा एक व्याजानं, १००० दुसरीकडे पाऊण टक्क्यानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्चायचं फक्त व्याज.

सातवाहनांचा अभिमान मलाही आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या शिलालेखात तिच्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम ठसठशीत कोरलाय. त्यासाठी दहावं लेणं त्यांच्या नावावर करायची गरज नाही. हेच चर्चेत लिहिलं.

शेवटी समोरच्या संपादकानंच वाक्य दुरुस्त केलं. ही लेणी पांडवांची असल्याची कथा लोकसमजूत म्हणून, संदर्भासह राहिली. अकराव्या लेण्यातल्या जैन मूर्तींच्या काळापुढे मात्र अजून 'संदर्भ हवा' आहे.