अवयव न सापडताच उत्तर देणारी टेस्ट

मर्सेन मूळ संख्या म्हणजे २ चा कुठलातरी घात घ्यायचा, त्यातून १ वजा करायचा आणि जे उरेल ते मूळ संख्या निघालं पाहिजे. घातांक ५ घेतला तर ३१, ७ घेतला तर १२७, दोन्ही मूळ. घातांक स्वतः मूळ असावाच लागतो पण तेवढ्याने भागत नाही, ११ ला गाडी अडते, २०४७ येतात आणि ते निघतात २३ गुणिले ८९.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती लुकास-लेहमर टेस्ट. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची, आणि परत तेच, घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही, बास. ३१ साठी कागदावर करून बघा, ४, मग १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी शून्य! २०४७ साठी नऊ वेळा केलं की शेवटी १७३६ उरतात, म्हणजे मूळ नाही, आणि या सगळ्यात २३ किंवा ८९ कुठे डोकावतसुद्धा नाहीत.

मर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने १६४४ मध्ये अशा मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची यादी केली, त्यात ६७ घातला होता, टेस्टच्या नावातल्याच लुकास या गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवलं की ती संख्या मूळ नाहीये, पण अवयव मिळायला १९०३ उजाडलं. तेव्हा फ्रँक नेल्सन कोल या गणितज्ञाने दिले, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. म्हणजे २७ वर्षं 'तुटते' एवढं पक्कं माहीत, कुठे तुटते ते नाही!

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंटला ५२ वी मर्सेन मूळ संख्या सापडली, घातांक १३,६२,७९,८४१ आणि संख्येत ४ कोटी १० लाखांवर अंक. आधीचा रेकॉर्ड २०१८ चा होता. अशा संख्या शोधणाऱ्या जिम्प्स या प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर डब्लिनमधल्या एका जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) चालू होतं, तिथे आधी दुसऱ्या एका टेस्टने 'बहुतेक मूळ' आलं, पण शिक्कामोर्तब केलं ते लुकास-लेहमरनेच, वेगवेगळ्या मशीनवर आणि वेगवेगळ्या प्रोग्रॅमने.

जिम्प्सचं प्राईम९५ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या पीसीवरही चालतं. रिझल्ट जवळजवळ नेहमी 'मूळ नाही' असाच येतो, पण आता त्याच्यासोबत एक प्रूफ फाईल तयार होते त्यामुळे दुसऱ्या कोणाला सगळं गणित पहिल्यापासून करावं लागत नाही, थोडक्यात पडताळता येतं, आणि तो घातांक यादीतून कायमचा खोडला जातो.