आमची वाटचाल : ऑइल इंजिनाच्या लेथवरून मॉडेल विमानाच्या इंजिनाकडे

रेडिओ कंट्रोलच्या विमानाला इंजिन कुठलं बसवायचं, हा प्रश्न घेऊन लोक आमच्याकडे येतात आणि त्या एका प्रश्नावर आमचा धंदा उभा राहिला आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचा छोटा गाळा आहे. इंजिनं विकतो, दुरुस्त करतो, स्टँडवर चालवून देतो. पण पहिलं काम सल्ल्याचं, आणि त्याचे पैसे आम्ही कधी घेतले नाहीत.

गाळा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते शेतावरच्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग करायचे. नदीवरून उसाला पाणी उपसणारी इंजिनं हंगामात बंद पडली की माणसं थेट लेथपाशी येऊन बसायची. उद्यमनगरात फौंड्री, ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट सगळं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सकाळी आलेलं काम संध्याकाळी परत जाई. मायक्रोमीटर धरायला मी तिथंच शिकलो.

मॉडेलचं पहिलं इंजिन आमच्याकडे आलं ते एनसीसीच्या एअर विंगमधल्या एका प्रशिक्षकांकडून. कोल्हापूरच्या माणसाला इंजिन म्हणजे दोघांनी उचलायची वस्तू. हे तळहातावर मावणारं होतं. कोलकात्यात बनलेलं अरोरा डिझेल. एनसीसीची मुलं तारेवर गोल फिरणारी विमानं उडवायची, त्यातलं. कॉम्प्रेशन गेलं होतं. या डिझेलला प्लग नसतो. इथर, केरोसीन आणि एरंडेल तेल साधारण सारख्या प्रमाणात घेऊन इंधन करायचं. सिलिंडरच्या माथ्यावर एक स्क्रू असतो. तो पिळला की वरचा दुसरा पिस्टन खाली सरकतो आणि दाब वाढतो. अण्णांनी नवा पिस्टन करून लॅपिंग केलं, म्हणजे तो सिलिंडरमध्ये घासून बसवला, प्रॉप (पुढचा पंखा) बोटानं हाणला, आणि गाळाभर इथरचा वास सुटला. त्या प्रशिक्षकांनी आणखी इंजिनं पाठवली. मग पुण्याहून, सांगलीहून, बेळगावहून पार्सलं येऊ लागली.

दुरुस्ती करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली. आमच्याकडे आलेली बरीच इंजिनं मुळात बिघडलेली नसायची, ती चुकीच्या विमानावर बसवलेली असायची. विमान जड आणि इंजिन लहान, म्हणून सतत पूर्ण थ्रॉटलवर तापवलेली. किंवा प्रॉप नको तेवढा मोठा. किंवा दुसऱ्या टोकाला, हलक्या शिकाऊ विमानावर भलं मोठं इंजिन. तेव्हा ठरवलं की इंजिन विकायचं असेल तर विमान, मैदान आणि माणूस तिन्ही समजून घेऊनच विकायचं.

शिकणाऱ्यासाठी उदाहरण सांगतो. पंखांची लांबी सुमारे १.६ मीटर, वजन अडीच किलोच्या आसपास, पंख वरच्या बाजूला. हे नेहमीचं शिकाऊ विमान. त्याला ०.४० ते ०.४६ घनइंचाचं, म्हणजे साडेसहा ते साडेसात सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (मिथेनॉलवर चालणारं, तापलेल्या प्लगनं पेटणारं) पुरतं. बोलताना आम्ही नुसतं ४०, ४६ म्हणतो; साठचं म्हणजे ०.६० - ०.६१ घनइंचाचं. तरी सांगलीचे एक शिक्षक मला म्हणाले होते, "साठचंच द्या की, ताकद जास्त असलेली बरी." मी दोन्ही इंजिनं तराजूवर ठेवली. मफलरसकट ४६ चं भरतं सुमारे ४९० ग्रॅम, ६१ चं साडेसहाशेच्या पुढे. हे जादा वजन पडतं नाकावर. मग तोल साधायला शेपटीत शिसं घालायचं, म्हणजे वजन आणखी वाढतं. जड विमान वेगानं उतरतं आणि शिकणाऱ्याचं खरं कसब पणाला लागतं ते उतरतानाच. सर ४६ चं घेऊन गेले. त्यांचे विद्यार्थी आजही आमच्याकडे येतात.

मी इंजिनाआधी प्रॉपविषयी बोलतो. प्रॉपवर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच (एका फेरीत प्रॉप हिशोबानं किती पुढे जाईल ते), दोन्ही इंचांत. ११ बाय ६ चा प्रॉप मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी फिरला तर पिचच्या हिशोबानं वेग येतो ताशी ११० किलोमीटर. तेच इंजिन १२ बाय ४ वर ११,००० फिरलं तर ६७. इंजिन तेच, पण दुसऱ्यात वेग कमी आणि ओढ जास्त. आमच्याकडे माळावर चारी बाजूंनी ऊस उभा असतो. धावायला जागा थोडी आणि ऊस अंगापेक्षा उंच झाला की आत पडलेलं विमान शोधायला अख्खी दुपार जाते. अशा ठिकाणी मी मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा प्रॉप सुचवतो. लांब, मोकळ्या धावपट्टीवर उडवणाऱ्याला तसं सांगणार नाही.

हवेचाही हिशोब करावा लागतो. समुद्रसपाटीला १५ अंशांवर हवेची घनता एका घनमीटरला १.२२५ किलो धरतात. आपल्या घाटमाथ्यावर, साडेपाचशे मीटर उंचीवर, मे महिन्यात पारा चाळिशीला गेला की ती १.०५ च्या आसपास येते. साधारण १४ टक्के घट. इंजिनाला हवा कमी, प्रॉपला पकड कमी, पंखांना उचल कमी, तिन्ही एकदम. मुंबईहून आलेलं इंजिन इथं "दमतं" अशी तक्रार आली की आधी मी नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) बघतो. हवा विरळ झाली की मिश्रण आपोआप रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन जास्त पडतं, म्हणून नीडल थोडी आवळावी लागते. पण आवळताना हात राखून. सगळ्यात जास्त फेऱ्यांपर्यंत न्यायचं आणि मग दोन-तीनशे फेरे कमी होतील इतकं परत सोडायचं. नाक वर करून धरल्यावरही इंजिन त्याच सुरात चाललं, तर ते उडायला तयार.

आमच्याकडून कुठलंही इंजिन स्टँडवर चालल्याशिवाय जात नाही. सोबत एक कार्ड देतो: कुठला प्रॉप, किती फेरे, नीडल किती सुटलेली, त्या दिवशीचं तापमान. ही कार्डं आमची खरी ठेव आहे. गिऱ्हाईक चार वर्षांनी "पहिल्यासारखं ओढत नाही" म्हणत आलं, तर जुनं कार्ड काढून त्याच प्रॉपवर चालवून बघता येतं.

नवं इंजिन हातात घेतलं की अनेकजण घाबरतात, कारण पिस्टन वरच्या टोकाला अडकल्यासारखा वाटतो. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतलं नळकांडं) असलेल्या इंजिनात स्लीव्ह वर निमुळती असते. गरम झाल्यावर ती बरोबर फुलते. म्हणून असलं इंजिन थंड आणि फार रिच चालवून 'रन-इन' करणं, म्हणजे सुरुवातीला रुळवणं, त्याला मानवत नाही. त्याला लवकर कामाच्या तापमानाला आणावं लागतं. रिंगवाल्या इंजिनाचं तंत्र वेगळं, त्याला सावकाश सोसवत न्यायचं.

इंधनावर मी जरा जास्त बोलतो, त्याला कारण आहे. ग्लो इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात १८ ते २० टक्के तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. मिथेनॉल विष आहे, पोटात गेलं तर आंधळं करतं, जीवही घेतं. कातडीतूनही ते शरीरात जातं. त्याची ज्वाला दिवसाउजेडी दिसत नाही. ते ठेवायला आणि विकायला परवाना लागतो आणि तो आम्ही काढलेला आहे. गिऱ्हाइकाला डबा देताना झाकण, लेबल आणि लहान मुलं या तीन गोष्टी बोलल्याशिवाय मी डबा सोडत नाही. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून अर्धा उरलेला डबा श्रावणापर्यंत ठेवू नये. तेलात मी एरंडेलाचा थोडा भाग ठेवतोच. पिस्टनवर ते तपकिरी थर चढवतं हे खरं, पण मिश्रण चुकून लीन झालं, म्हणजे इंधन कमी पडलं, तर इंजिन वाचवतं तेच. दिवस संपला की टाकी रिकामी करायची, इंजिन कोरडं होईपर्यंत चालवायचं आणि कार्बोरेटरमध्ये थेंबभर तेल सोडायचं. आमच्याकडे बदलायला येणारी बहुतेक बेअरिंगं गंजलेली असतात, झिजलेली नव्हे.

फोर-स्ट्रोक माझा लाडका प्रकार. आवाज खोल, इंधन कमी, मोठा प्रॉप संथ फिरवतो. ४६ च्या टू-स्ट्रोकच्या जागी ७० च्या आसपासचा फोर-स्ट्रोक लागतो, किंमत जास्त आणि व्हॉल्व्हची फट फीलर गेज घेऊन तपासत राहावी लागते. जुन्या काळच्या विमानाचं मॉडेल करणाऱ्याला मी तोच सुचवतो.

पुढे इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं स्पर्धेसाठी विमानं बांधायला लागली आणि त्यांच्याबरोबर बॅटरीवर चालणारी ब्रशलेस मोटर आली. माझ्या पुतण्यानं इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं, ती बाजू त्यानं उचलली. मोटर निवडायची रीत वेगळी, पण सुरुवात विमानापासूनच. शिकाऊ विमानाला किलोमागे सव्वादोनशे वॉट धरायचे. अडीच किलोला साडेपाचशे. चार सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी १४.८ व्होल्टची, तिच्यावर ४० अँपिअर ओढले की ५९० वॉट होतात, म्हणजे हिशोब बसला. केव्ही म्हणजे एका व्होल्टला किती फेरे, तो आकडा मोठा म्हणून मोटर दणकट असं नाही; मोठा प्रॉप फिरवायचा तर केव्ही कमीच हवा. ग्लोसाठी कार्ड देतो तसं आता मोटरसाठीही वॉटमीटर लावून देतो. एखादा शहरातल्या छोट्या मैदानावर, इमारतींजवळ उडवणार असेल तर मी स्वतः त्याला ग्लो सोडून मोटरकडे नेतो.

मोठ्या विमानांसाठी २० सीसीपासून पुढची पेट्रोल इंजिनं ठेवतो. इंधन ग्लोच्या मानानं फार स्वस्त. मात्र टाकीची नळी सिलिकॉनची चालत नाही, ती पेट्रोलनं फुगते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, त्यामुळे कार्बोरेटरचा पडदा आम्ही दर हंगामाआधी तपासतो. इग्निशनची बॅटरी आणि रिसीव्हर वेगवेगळे आणि एकमेकांपासून फूटभर लांब, हे आम्ही बसवून दाखवतो.

२०२१ चे ड्रोन नियम आले, त्यांत रेडिओवरची मॉडेल विमानंही मोडतात, २०२२ च्या फेब्रुवारीत परदेशातून तयार ड्रोन आणण्यावर बंदी आली, सुटे भाग आणायला मोकळीक राहिली. आमच्यावर त्याचा परिणाम असा झाला की लोक जुनी इंजिनं फेकेनासे झाले. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची इंजिनं माळ्यावरून काढून आणतात. स्लीव्ह, पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट आम्ही इथंच करतो, आणि अण्णांचा लेथ त्यासाठी रोज चालतो. पार्सलं आणि हिशोब बायको बघते. कुठल्या गावाचं कुठलं इंजिन कधी आलं हे तिला वहीत न बघता सांगता येतं.

येताना शक्यतो विमान घेऊन या. ते जमत नसेल तर तीन गोष्टी लिहून आणा: टाकी आणि बॅटरीसकट वजन, पंखांची लांबी, आणि उडवणार ती जागा किती लांब-रुंद आहे व तिच्या कडेला काय आहे. जुनं इंजिन असेल तर जोर लावून फिरवू नका, एरंडेल वाळून बसलेलं असतं. तसंच कापडात गुंडाळून आणा. आम्ही ते गरम करून सोडवतो. इंजिन चालवून बघायचं काम सकाळी करतो, गाळ्याशेजारच्यांची दुपारची झोप मोडू नये म्हणून, तेव्हा लांबून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करावा.